पेनसिल्व्हेनियातली ताणलेली कमान

श्रूजबरीहून निघालो तेव्हा समोरच्या अंगणात एक म्हातारा यंत्रानं वाळकी पानं उडवत होता. या बाजूची पानं त्या बाजूला न्यायचा, आणि वारा ती परत आणायचा. मॅसॅच्युसेट्समधल्या या गावात मी लेकीकडे येऊन तीन आठवडे झाले होते आणि माझंही तसंच चाललं होतं. सकाळी एक प्रश्न मनातून बाहेर ढकलायचा, संध्याकाळी तो परत उंबऱ्यात.

प्रश्न आधी सांगतो, म्हणजे पुढचा प्रवास कळेल.

मिरजेच्या औद्योगिक वसाहतीत माझा ट्रकच्या पाट्यांचा कारखाना आहे. पाटे म्हणजे चाकांवर एकावर एक रचलेल्या त्या बाकदार पोलादी पट्ट्या, ज्यांच्यावर गाडी दबते आणि उसळते. हा धंदा मी दुसऱ्याच्या भट्टीवर भाता ओढून शिकलो. कुणी हात दिला नाही. दिला असता तर नंतर त्याची किंमत मागितली असती, तेव्हा बरंच झालं. मुलगा नाही, मुक्ता एकटीच. शाळेतून आली की तिला भट्टीपाशी बसवायचो, तापलेल्या पोलादाचा रंग ओळखायला शिकवायचो. ती कॉलेजात जायच्या आधीच मी दारावर बोर्ड लावला: ‘जाधव आणि कन्या, स्प्रिंग वर्क्स’. भावकी हसली. हसू दे म्हटलं.

मग ती पोलादाचंच पुढचं शिकायला पेनसिल्व्हेनियाला गेली. शिकून परत येते म्हणाली होती. तिला तिकडेच नोकरी लागल्याची बातमी मला कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळली. तीही अशी, की धाकट्या बहिणीनं टाकलेले फुलांचे गुच्छ आधी दिसले आणि बातमी नंतर. त्याच संध्याकाळी बहिणीचा फोन. “दादा, आता तेवढा बोर्ड रंगवून घे रे.”

बोर्ड रंगवला नाही. मुक्ताला विचारलंही नाही. सौद्यात जो आधी तोंड उघडतो तो हरतो, हे मी जन्मभर पाळलं आणि तिलाही तेच शिकवलं. त्यामुळे तीही बोलली नाही. तिचं लग्न झालं, घर झालं, माझी बायको गेली, तेव्हाही ती येऊन राहिली आणि गेली. त्या विषयाला दोघांनीही हात लावला नाही. आता पुण्याची एक पार्टी कारखाना घ्यायला तयार आहे आणि दसरा झाला की मला हो-नाही सांगायचं आहे. मुक्ता परत येणार असेल तर विकायचा नाही, नसेल तर विकायचा. एवढं सरळ. पण विचारणार मी नव्हतो. तिनं सांगावं.

तिनं सांगितलं ते एवढंच, की “बाबा, वीकेंडला पेनसिल्व्हेनियाला जातोय, माझं तिथं थोडं काम आहे. तुम्हीही चला. कॉलेज दाखवते.”

“कसलं काम?”

“बघाल की.”

मला तिच्या कामाचा तसाही राग होता. पोलाद शिकलेली पोरगी दिवसभर पडद्यावर दुसऱ्यांनी केलेल्या चाचण्यांचे आकडे तपासते. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी कसल्याशा क्लासला जाते आणि आल्या आल्या न्हाणीघरात शिरते. योगासनांचा असेल, असं मी धरून चाललो होतो.

गाडी निखिल चालवत होता. निखिल म्हणजे जावई, नागपूरचा, कॉम्प्युटरवाला. सासरा आणि बायको यांच्यामध्ये सापडलेला माणूस जसा सतत हसतमुख असतो, तसा हसतमुख. कनेटिकटमध्ये रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडं पेटल्यासारखी लाल-पिवळी झाली होती. ती बघायची सोडून मी गाडीतल्या रस्ता सांगणाऱ्या बाईशी भांडत होतो. ती एकदा डावीकडे म्हणाली, मग लगेच परत फिरा म्हणाली.

“हिला एकदा ठरवून बोलायला काय होतं?”

“बाबा, मशीन आहे ती,” निखिल म्हणाला. “तिला राग येत नाही.”

“म्हणूनच तिच्यावर काढतो.”

मागच्या सीटवर मुक्ता हसली नाही. खिडकीबाहेर बघत होती.

दुपारी न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेला थांबलो. इथं मोठं विद्यापीठ आहे आणि आपली पोरं इतकी, की जेवणाच्या दुकानात शेजारच्या टेबलावर कोथरूडच्या घरभाड्यांच्या गप्पा चालल्या होत्या. मिसळ बरी होती. पाव मात्र गोड. शेजारी वाण्याचं दुकान होतं, तिथं ज्वारीचं पीठ दिसलं. भाव ऐकून माझं डोकं सणकलं.

“काका, इथं फिक्स रेट असतो,” दुकानदार म्हणाला.

फिक्स रेट हा शब्द मी मिरजेत खूपदा ऐकलाय आणि खूपदा मोडलाय. पिशवी काउंटरवर ठेवली आणि दाराकडे चालू लागलो. आपल्याकडे उंबऱ्याच्या आत हाक येते. इथं मी उंबरा ओलांडला, फूटपाथ ओलांडला, गाडीशी पोचलो, तरी हाक आली नाही. परत जायची सोय उरली नव्हती. तसाच गाडीत बसलो.

थोड्या वेळानं मुक्ता आली. हातात तीच पिठाची पिशवी, वर चिक्कीचं पाकीट.

“काय केलंस?”

“काही नाही. पिठावरची तारीख उलटून गेली होती. त्यांच्यासमोर बोट ठेवलं आणि उभी राहिले.”

“बोललीस काय पण?”

“काहीच नाही. त्यांनीच भाव कमी केला, चिक्की दिली, आणि आतून ताजी पिशवी पण आणून दिली.”

निखिल म्हणाला, “बाप्पा! हे माझ्यावर पण असंच करते, बाबा. नुसती उभी राहते.” मी चिक्की खाल्ली. पोरगी माझ्यापेक्षा तयार झाली होती. पण अभिमान वाटायच्या आधी मला वाईट वाटलं. एवढी वर्षं हीच शांतता माझ्यासमोर उभी होती, आणि ती कुणी शिकवली हे मला माहीत होतं.

संध्याकाळी स्टेट कॉलेजला पोचलो. डोंगरांच्या मधल्या खोऱ्यात वसलेलं गाव, आणि गावापेक्षा विद्यापीठ मोठं. विद्यार्थ्यांनी भरलेल्या बसगाड्या सारख्या फिरत होत्या. मुक्तानं ती राहायची ती इमारत दाखवली. चौघी मुली दोन खोल्यांत. कढीपत्ता मिळाला की चौघी वाटून घ्यायच्या, असं म्हणाली. रात्री जेवायला पिएरोगी (बटाट्याचं सारण भरून उकडलेल्या जाडसर करंज्या) खाल्ल्या. वर परतलेला कांदा होता म्हणून उतरल्या.

जेवणाआधी ती आम्हाला एका दगडी इमारतीपाशी घेऊन गेली होती. दार बंद होतं. खिडकीच्या काचेला नाक लावून बघितलं, तर आत पांढऱ्या कपाटासारखी एक भट्टी.

“पहिल्या दिवशी मी झरोक्यातून बघून उष्णता सांगितली होती. मीटर बघायच्या आधी. सगळे हसले. मग त्यांनी मीटर बघितला.”

“बरोबर निघाली?”

“थोडी चुकले.”

“कुठल्या बाजूला?”

“जास्त सांगितली.”

“लहानपणापासून तशीच तू. घाई.”

ती काचेत बघून हसली. तिथंच विचारता आलं असतं. शब्द दातांपर्यंत आले होते. पण आता तीच सांगेल असं वाटलं, म्हणून थांबलो. ती पण थांबली असावी. निखिल म्हणाला, थंडी वाजतेय, चला.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्या कारखान्यात त्या दिवशी भट्टी थंड असते. हातोडे, सांडशा, पंचिंगचं मशीन, सगळं धुऊनपुसून मांडायचं आणि मधोमध पहिला पाटा ठेवायचा. आमचा एक रिवाज आहे: नव्या भट्टीतून निघालेला पहिला पाटा विकायचा नाही. हळदकुंकू लावून तो भिंतीवर टांगायचा. कितीही मोठं गिऱ्हाईक येऊ दे, किती का भाव देईना. हा रिवाज ज्याच्या भट्टीवर भाता ओढला त्या उस्तादाचा. त्याच्याकडून फुकट मिळालेली ही एवढी एकच गोष्ट. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या पूजेला नव्हतो. मोटेलच्या आरशासमोर दाढी करताना हे आठवलं आणि डोकं फिरलं. लेकीला दिवस कुठला, हेही ठाऊक नसेल.

मुक्ताचं काम होतं ते एका मेळ्यात, गावापासून तासाभरावर, एका शेतावर. टेकडीच्या उतारावर कापडी तंबू, त्यांवर झेंडे, सरपणाचा धूर. बायका-माणसं शेकडो वर्षांपूर्वीच्या युरोपातल्यासारखे कपडे घालून फिरत होती. लोखंडी जाळीचा अंगरखा घातलेला एक गडी रांगेत उभा राहून कॉफी घेत होता. ही हौशी मंडळी आहेत. कुणी हिशेबनीस, कुणी परिचारिका. सुट्टीत जमतात आणि मध्ययुग खेळतात. तिकीट खिडकीवरच्या बाईनं मला अडवलं. इथं आजच्या कपड्यांत आत जाता येत नाही; मुक्ता-निखिलनं आपापले झगे चढवले होते. तिनं एक मळका झगा पुढे केला. उसना.

“हा मी घालणार नाही. सांग तिला.”

निखिलनं सांगितलं. बाई गोड हसली आणि झगा तसाच धरून राहिली. मी मुक्ताच्या गळ्यातली ओढणी ओढून घेतली आणि उभ्या उभ्या फेटा बांधला. शेमला मागे सोडला. पायात कोल्हापुरी होत्याच. बाईनं टाळ्या वाजवल्या आणि हात हलवून आत जा म्हणाली. अमेरिकेत जिंकलेला माझा हा पहिला सौदा.

मुक्ता म्हणाली, “मी जरा मागं जाते, काम आहे. निखिल, बाबांना बार्बराकडे ने.”

बार्बरा म्हणजे सत्तरीकडे झुकलेली, उंच, हाडापेरानं मजबूत बाई. जन्मभर शाळेची बस चालवली आणि आता निवृत्त. तिच्या ताब्यात मेळ्यातलं क्रॉसबोचं मैदान होतं. क्रॉसबो म्हणजे लाकडी दांड्यावर आडवी बसवलेली कमान. धनुष्याला बंदुकीचा दस्ता लावला तर कशी दिसेल, तशी. समोर गवताच्या गठ्ठ्यांवर निशाणं लावली होती. निखिल मध्ये उभा राहून इंग्रजीचं मराठी करत होता. पण बार्बराचे हात इतके बोलके, की निम्मं मला आधीच कळायचं.

तिनं कमानीच्या पुढची लोखंडी रिकीब (घोडेस्वार पाय ठेवतो तशी कडी) जमिनीवर टेकवली, तीत पाय रोवला, कमरेच्या पट्ट्याचा आकडा दोरीत अडकवला आणि वाकलेली ताठ उभी राहिली. दोरी मागे येऊन शिंगाच्या एका गोल चकतीच्या खाचेत टक्कन बसली. पायाचा आणि पाठीचा जोर, हाताचा नाही. याहून जड कमानींना दातेरी चाकं आणि कप्प्या लावून हळूहळू ताणायचे, असं ती म्हणाली. तेवढ्या वेळात साध्या धनुष्याचा तिरंदाज बाणांचा पाऊस पाडायचा. म्हणून क्रॉसबोवाला ताणत असताना त्याच्यापुढे पावीस (माणसाएवढी उभी ढाल) लागायची. ढाल नसेल तर तो उघड्यावरचा माणूस.

“मग लोक हे वापरायचेच कशाला?” मी विचारलं.

 तिनं क्रॉसबो माझ्या हातात दिला, खोबणीत आखूड जाड बाण ठेवला आणि माझा खांदा धरून सरळ केला. मी नेम धरला, खालचा लांब खटका दाबला. बाण सुटलेला दिसलाच नाही. गठ्ठ्यात धप्प आवाज झाला. अगदी मधोमध नाही, पण निशाणाच्या आत.

“याच्यासाठी,” बार्बरा म्हणाली.

मग तिनं सांगितलं ते मी विसरणार नाही. साधं लांब धनुष्य चालवायला लहानपणापासून हाडं घडवावी लागत. घोड्यावरच्या सरदाराचं तर अख्खं आयुष्य शिकण्यात जाई, आणि चिलखताला एका गावाचं उत्पन्न. पण क्रॉसबो एखाद्या चांभाराच्या हातात दिला, थोडे दिवस शिकवलं, तर तो भिंतीआडून त्या सरदाराला घोड्यावरून पाडू शकत असे. सरदारांना हे अस्त्र अधर्माचं वाटायचं. चर्चनं ख्रिस्ती माणसांवर ते चालवायला बंदी घातली. बंदी कुणी पाळली नाही. जे शिव्या घालत होते तेच राजे क्रॉसबोवाले भाड्यानं ठेवत होते.

मला ते ऐकून इतकं बरं वाटलं, की मी निखिलच्या पाठीत थाप मारली. ज्याला बाप, जात, घोडा काही नाही, त्याच्या हातात आलेली ताकद होती ती. पिढीजात लोक तिला अधर्म म्हणणारच. आमच्या पहिल्या मालकानंही मी वेगळी भट्टी लावली तेव्हा हाच शब्द वापरला होता.

“त्यांचं पुढं काय व्हायचं, तेही विचार,” मी निखिलला म्हणालो.

बार्बरानं क्रेसीच्या लढाईची गोष्ट सांगितली. फ्रान्सच्या राजानं इटलीतल्या जिनोआचे क्रॉसबोवाले भाड्यानं आणले होते. दिवसभर चालवून दमलेले असताना त्यांना तसंच पुढे काढलं. ढाली मागे सामानाच्या गाड्यांत राहिल्या. समोरून इंग्रजांच्या बाणांचा मारा आला आणि ते मागे फिरले. तेव्हा त्यांच्याच बाजूच्या सरदारांनी त्यांच्या अंगावर घोडे घातले.

माझ्या तोंडातून मिरजेची एक शिवी गेली. निखिलनं तिचं भाषांतर केलं नाही. बार्बराला गरज पडली नाही.

मैदानाच्या कडेला एका बांबूवर तिनं क्रॉसबो टांगले होते. ते ती विकतही असे. मी एक उचलला, दुसरा उचलला. तिसऱ्याची कमान हातात घेतली आणि सोडवेना. पट्टीच्या कडा गोल घासलेल्या. पॉलिशच्या रेघा सगळ्या लांबीच्या दिशेनं, एकही आडवा ओरखडा नाही. पोलाद तुटतं ते आडव्या ओरखड्यापासून, म्हणून आमच्याकडे पोरगा आडवी कानस चालवताना दिसला की मी हातातली वस्तू फेकून मारतो. अमेरिकेत कुणीतरी असं काम करतं, याचं नवल वाटलं. आणि असं काम दिसलं की मला ते हवं असतं.

मी चेहरा पाडला. “ठीक आहे,” निखिलला म्हणालो. “विचार, कितीला देणार. आणि सांग, दांड्याचं लाकूड हलकं आहे.”

“हा विकायचा नाही म्हणते.”

“विकायचा नाही तर टांगला कशाला? भाव वाढवतेय. सांग, दुसरीकडे बघतो.”

मी चार पावलं चाललो. पिस्कॅटवेसारखंच झालं. हाक नाही. परत आलो. भाव मीच बोललो, वर वाढवला, पुन्हा वाढवला. बार्बरा शांतपणे मान हलवत राहिली. माझा आवाज चढला. शेजारच्या तंबूतून दोघं-तिघं डोकावले.

“जगात प्रत्येक वस्तूला भाव असतो! बोल म्हणावं!”

निखिलचा चेहरा विचित्र झाला होता. हसू दाबल्यासारखा. “बाबा, ती म्हणते, बनवणाऱ्याचा नियम आहे. नव्या भट्टीतली पहिली कमान विकायची नाही. फक्त टांगायची.”

 बार्बरानं क्रॉसबो उलटा केला. दांड्याखाली, जिथं कमान दोरानं करकचून बांधली होती, तिथं पोलादावर हळदीचं बोट ओढलेलं होतं. त्यावर कुंकू. ओलं नव्हतं, पण त्याच दिवशीचं होतं. बोटाला लागलं.

“आज सकाळीच लावलं तिनं,” बार्बरा म्हणाली. “आज तुमच्याकडे हत्यारांचा सण असतो म्हणाली.”

फेट्याचा शेमला वाऱ्यानं तोंडावर आला तो मी तसाच राहू दिला.

मुक्ता तंबूच्या मागून आली. हातात तेलकट फडकं, गालाला काजळी. शिकत असताना ती बार्बराकडे हे शिकली होती, आणि आता घराजवळच्या वूस्टर शहरात एका भाड्याच्या वर्कशॉपमध्ये मंगळवारी-गुरुवारी कमानी बनवत होती. उन्हाळ्यात तिथं तिनं स्वतःची लहान भट्टी लावली होती. तिच्या योगासनांना एवढा घाम का येतो, ते मला त्या क्षणी कळलं.

“किती दिली होती ऑफर?” तिनं निखिलला विचारलं.

“आपली कार येईल एवढी.”

ती माझ्याकडे बघून म्हणाली, “या, चालवून दाखवते.” रेषेपाशी गेली, पाय रिकिबीत रोवला, ताठ उभी राहिली. टक्कन आवाज झाला. बाण ठेवला. तेवढ्यात बार्बरा ओरडली, “होल्ड!” (थांबा!) एका बाईची शंकूसारखी उंच टोपी वाऱ्यानं उडून निशाणांकडे घरंगळत गेली होती आणि बाई तिच्यामागे. सगळ्यांनी हत्यारं खाली केली.

“धरा,” मुक्ता म्हणाली.

“ताणलेली आहे.”

“म्हणून दोन्ही हातांनी धरा. तोंड जमिनीकडे. बोट खटक्यापासून लांब.”

मी धरली. नवल हे, की हाताला काहीच जोर लागत नव्हता. साधं धनुष्य ओढून धरलं तर दंड थरथरतो, सोडावंच लागतं. इथं सगळा ताण त्या शिंगाच्या चकतीनं पेललेला. माणूस गप्पा मारत, जेवत, दिवसच्या दिवस असा उभा राहू शकतो. वेढ्यात तटावर असेच बसायचे म्हणे, समोरचं डोकं वर यायची वाट बघत.

“किती वेळ अशी ठेवायची?” मी म्हणालो. “कमान बसेल.” पाटा बसतो म्हणजे दबून दबून त्याची उसळी मरते. मग तो दिसतो तसाच, पण कामाचा राहत नाही.

“थोडा वेळ चालतं,” ती म्हणाली. “वर्षानुवर्षं नाही चालत.”

टोपी अजून पुढे गेली होती. बाई झग्यात अडखळत होती.

“तू ग्रुपवर टाकलंस,” मी म्हणालो.

ती लगेच समजली. “हो.”

“बापाला फोन करायचा सोडून.”

“फोन केला असता तर तुम्ही घासाघीस केली असती, बाबा. आधी गप्प बसला असता. मग म्हणाला असता, बरं, वर्षभर कर. मग सहा महिन्यांवर आला असता. आणि मी हरले असते. तुमच्यासमोर मी कधी जिंकलेय? सगळ्यांसमोर टाकलं, कारण सगळ्यांसमोर भाव करता येत नाही.”

माझे कान तापले. “आणि भट्टी लावलीस, तेही सांगावंसं वाटलं नाही?”

“तुम्ही म्हणाला असता, हेच मिरजेत कर.”

म्हणालो असतो. यात खोटं काही नव्हतं.

“एवढी वर्षं काही बोलली नाहीस.”

“तुम्ही विचारलं नाहीत.”

“तू सांगितलं नाहीस.”

“जो आधी बोलेल तो हरतो ना?” ती म्हणाली. “मग उभे आपले दोघंही. बघू कोण बसतंय आधी.”

बाईनं टोपी पकडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बार्बरानं हात वर केला. बाई परत येईपर्यंतच तेवढा वेळ होता.

“येणार आहेस का परत?” मी विचारलं.

“नाही, बाबा.”

अट नाही, मुदत नाही. एवढं स्वच्छ उत्तर मला धंद्यात कुणी दिलं नव्हतं.

“कधीच?”

“तुमच्याकडे येईन. कितीदाही येईन. कारखाना चालवायला नाही. ही भट्टी लहान आहे, पण ती मी लावलीय. तुम्ही तुमची लावलीत तशी.”

बार्बराचा हात खाली आला. मुक्ता म्हणाली, “सोडा आता. आणि बाण असतानाच सोडायचं. बाण नसताना खटका ओढला तर सगळा जोर कमानीतच परत जातो. तडकते.” मला गाडीतली रस्ता सांगणारी बाई आठवली; मुक्तावरचा राग मी तिच्यावर काढत होतो.

मी नेम वगैरे धरला नाही. खटका दाबला. बाण निशाणाच्या खूप अलीकडे गवतात शिरला.

“खाली गेला,” बार्बरा म्हणाली.

“जाऊ दे,” मी मराठीतच म्हणालो.

त्यानंतर आम्ही भाजलेली कणसं खाल्ली. टर्कीच्या तंगड्या फिरत होत्या, पण नवरात्र होतं. निखिल म्हणाला, “बाबा, माझं पण नवरात्र पकडा,” आणि दोन कणसं जास्त खाल्ली. परतीच्या रस्त्यात मी मागच्या सीटवर मुक्ताशेजारी बसलो. तापलेली पट्टी ज्या तेलात बुडवायची त्याचं तापमान ती किती ठेवते, यावर आमचं कडाक्याचं भांडण झालं. ते न्यूयॉर्कचा पूल येईपर्यंत चाललं. मध्येच ती म्हणाली, “बोर्डाचं काय करणार?”

“उतरवीन.”

“उतरवा. पण रंगवू नका.”

निघायच्या दिवशी तिनं त्या पहिल्या क्रॉसबोची कमान दांड्यावरून सोडवली, तेलाच्या फडक्यात गुंडाळली आणि माझ्या बॅगेत कपड्यांखाली घातली. मी म्हणालो, पहिली आहे, तुझ्याकडे टांग. ती म्हणाली, विकायची नाही एवढाच नियम आहे, द्यायची नाही असं कुठं म्हटलंय? मुंबईच्या विमानतळावर कस्टमच्या माणसानं बॅग उघडायला लावली.

“हे काय?”

“पाटा.”

“अमेरिकेहून लोखंडाचा पाटा आणलात? इथं मिळत नाही?”

“असा नाही मिळत,” मी म्हणालो. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि खडूनं फुली मारून सोडून दिलं.

पुण्याच्या पार्टीला मी हो सांगितलं. आकडाही मीच आधी बोललो. पलीकडच्या माणसानं तो आकडा मला दोनदा परत म्हणायला लावला. माझं काहीतरी कारस्थान असणार, असं त्याला वाटलं असावं. कारखान्याला तो आपलं नाव देणार. बोर्ड मी घरी आणला. बैठकीच्या खोलीच्या मानानं तो लांब आहे, म्हणून भिंतीशी टेकवून ठेवलाय. त्याच्या वरच्या भिंतीत दोन खिळे मारले. एकावर माझ्या भट्टीतला पहिला पाटा, दुसऱ्यावर मुक्ताची कमान, हळदीचं बोट बाहेरच्या बाजूला. दोन्ही सैल आहेत. मोकळं पोलाद असंच टांगायचं असतं, दोरी न चढवता. मग ते बसत नाही.

व्यवहार पक्का करायला पुण्याचा माणूस पेढे घेऊन घरी आला. चहा झाला, सह्या झाल्या. उठता उठता त्याचं लक्ष भिंतीकडे गेलं. धंद्यातला माणूस, जवळ जाऊन त्यानं कमानीच्या कडेवरून अंगठा फिरवला.

“काम भारी आहे. कोणाचं?”

“आमच्या मुलीचं.”

“काय घेणार याचं?”

मी बसलो होतो तिथूनच सांगितलं, ही विकायची नाही. तो हसला, मला ओळखतो ना. दाराकडे चार पावलं गेला आणि उंबऱ्यापाशी थांबून त्यानं मागे वळून बघितलं. मी हाक मारली नाही.